उसण, गृध्रसी आणि अंथरूण



सकाळचें पाणी येऊन गेलेलें असतें. भरलेली बादली बाजूला सारावी म्हणून गृहिणी किंचित् वांकते, आणि तितक्यांत कंबरेंत सुरी खुपसावी तशी चमक निघते. ती जागच्या जागीं खिळून राहते. सरळ होतां येत नाहीं, बसतां येत नाहीं, श्वास घ्यावयाचीसुद्धां भीति वाटते. आपल्याकडे ह्याला 'उसण भरली' असें म्हणतात. मग घटकाभरांत घर सल्लागारांनीं भरून जातें. एकजण आंबेहळद व रक्तबोळ उगाळावयास बसतो. दुसऱ्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक आठवतो. शेजारच्या आजी 'पायाळू माणसाचा पाय लावा' म्हणून सांगतात, आणि पायांकडून जन्मलेला असा एखादा मुलगा चाळींत सांपडतोही. धाकटे दीर दुकानांतून कंबरेचा पट्टा आणून देतात. ह्या सर्वांचें एकमेकांशीं मुळींच पटत नाहीं. परंतु एका गोष्टीवर मात्र सर्वांचें एकमत असतें. ती गोष्ट म्हणजे, 'आतां पंधरा दिवस हलूं नका, पडून रहा.'

आज मला जें सांगावयाचें आहे तें ह्या एकमताच्या विरुद्ध आहे. पडून राहणें हें कंबरदुखीवरील औषध नव्हे. नेहमींच्या उसणीवर तर नव्हेच, पण पायांत उतरणाऱ्या कळेवरही नव्हे. पहिले एक-दोन दिवस वेदनेनें उभें राहवत नसेल तर मनुष्यानें आडवें व्हावें, ह्याला कोणाची हरकत असणार? पण तें व्हावयाचें नाइलाज म्हणून, उपाय म्हणून नव्हे. हा भेद बारीक वाटेल. परंतु माझ्या सबंध धंद्याच्या अनुभवांत ह्या एका भेदाच्या अज्ञानामुळें जितकीं माणसें पंगु झालेलीं मीं पाहिलीं, तितकीं मूळ दुखण्यामुळें झालेलीं पाहिलीं नाहींत. त्यांतील कांहींना पंगु करण्यांत माझाही हात होता, तें पुढें सांगेनच.

प्रथम दुखण्याचे दोन प्रकार वेगळे करूं. उसण म्हणजे पाठीचे स्नायु, त्यांचीं बंधनें आणि मणक्यांचे लहान सांधे ह्यांचें दुखणें. नेमकें कोणतें सूत दुखावलें हें बहुधा डॉक्टरांनाही सांगतां येत नाहीं, आणि तें सांगतां आलें नाहीं म्हणून फारसें बिघडतही नाहीं. कारण बहुतेकांची उसण चार-सहा आठवड्यांत बरीचशी ओसरते. दुखावलेल्या जागेभोंवतींचे स्नायु आखडून ताठ होतात. घरांत चोर शिरल्याची शंका येऊन सगळीं दारें लावून घ्यावींत, तसें हें आखडणें असतें. चोर केव्हांच निघून जातो, दारें मात्र बंदच राहतात, आणि मग घरच्यांचाच जीव गुदमरूं लागतो.

दुसरा प्रकार मज्जातंतूचा. ह्यांत कळ नितंबांतून निघते, मांडीच्या मागील बाजूनें पोटरींत उतरते व कधीं कधीं घोट्यापर्यंत, पायाच्या बोटांपर्यंत जाते. बरोबर मुंग्या येतात, एखादा भाग बधिर होतो. खोकला किंवा शिंक आली कीं विजेचा धक्का बसल्यासारखें वाटतें. हिला आपले वैद्य गृध्रसी म्हणतात. चरक आणि सुश्रुत ह्या दोघांनींही तिचें वर्णन केलें आहे, आणि ह्या रोगांत पाय वर उचलतां येत नाहीं असें जें लक्षण सुश्रुतानें दिलें आहे तें फार मार्मिक आहे. रोग्याला उताणें निजवावें, पाय गुडघ्यांत न वांकवितां वर उचलावा आणि कळ कोठें अडविते तें पाहावें, ही आजही प्रत्येक डॉक्टरची पहिली परीक्षा होय. ती लासेग नांवाच्या फ्रेंच वैद्याच्या नांवानें ओळखली जाते. त्याच्या फोर्स्ट नांवाच्या शिष्यानें ती १८८१ सालीं आपल्या प्रबंधांत लिहून ठेविली. हें दुखणें मज्जातंतूचें आहे, असें नेपल्स येथील कोतुन्यो ह्यानें १७६४ सालीं प्रतिपादन केलें होतें. 'पूर्वींच्या कष्टाळू लोकांना कंबरदुखी माहीतच नव्हती, ही सारी खुर्चीची देणगी आहे' असें म्हणणाऱ्यांनीं हे जुने ग्रंथ एकदां चाळावेत. जातें ओढणाऱ्या बायांचीही कंबर दुखत होती. त्यांना कोणी विचारीत नव्हतें, एवढेंच.

गृध्रसीचें मूळ बहुधा कंबरेंत असतें. तेथें पांच मणके एकावर एक रचलेले असतात व दोन मणक्यांच्या मध्यें एक चिवट चकती असते. चकतीचा गाभा मऊ आणि त्याभोंवतीं कांद्याच्या पापुद्र्यांसारखीं कडीं. मणक्यांच्या प्रत्येक जोडीगणिक दोन्ही बाजूंस मज्जातंतूचें एक एक मूळ बाहेर पडतें, आणि खालचीं कांहीं मुळें एकत्र होऊन शरीरांतील सर्वांत जाड मज्जातंतु बनतो. तो जवळ जवळ बोटाएवढा जाड असून मांडीच्या मागून खालीं जातो. चकतीचीं कडीं फाटून गाभा बाहेर आला आणि एखाद्या मुळाला लागला, तर तें मूळ सुजतें व कळ पायांत उतरते. १९३४ सालीं बॉस्टन शहरांत मिक्स्टर आणि बार ह्या दोन शस्त्रवैद्यांनीं हें कारण जगापुढें स्पष्टपणें मांडलें.

लोकांच्या बोलण्यांत ह्या गोष्टीला 'गादी सरकली' किंवा 'मणक्यांत गॅप आला' असें म्हणतात. हे शब्द मला आवडत नाहींत. चकती ही वरच्या व खालच्या मणक्याला इतकी घट्ट चिकटलेली असते कीं ती पलंगावरच्या गादीसारखी सरकणें शक्यच नाहीं. शिवाय बाहेर आलेला गाभा जन्मभर तेथेंच ठाण मांडून बसतो असेंही नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत शरीर स्वतःच तो हळूहळू शोषून घेतें. परंतु ज्याला 'तुमची गादी सरकली आहे' असें एकदां सांगितलें, तो मनुष्य पुढें जन्मभर ती आणखी सरकेल ह्या धाकांत वावरतो.

आतां अंथरुणाचें राज्य कसें आलें तें पाहूं. हालचालीनें दुखणीं बरीं करण्याची विद्या कांहीं नवी नाहीं. पेर हेन्रिक लिंग ह्यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामविद्येची संस्था स्थापिली, तिच्यांतून ही विद्या युरोपभर पसरली. १८९४ सालीं लंडनमध्यें चार परिचारिकांनीं शिक्षित मर्दनकारांची संस्था काढली व तिच्यांतूनच तिकडचा भौतिकोपचाराचा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत ह्या विषयाची शाळा निघाली, ती मुख्यतः पोलिओनें लुळ्या झालेल्या मुलांसाठीं. म्हणजे लुळ्या पायाला आम्ही चालावयास शिकवीत होतों. आणि दुखऱ्या पाठीला मात्र, जी लुळी नव्हती, तिला निजवून ठेवीत होतों! १९३४ च्या शोधाचा अर्थ शस्त्रवैद्यांनीं यंत्राच्या भाषेंत लावला. चकती दाबानें फाटली, तर दाब काढा. दाब काढावयाचा तर माणसाला आडवें करा. आणि आडवें करूनही भागलें नाहीं तर कंबरेला पट्टा बांधून कप्पीवरून वजनें टांगा. युक्तिवाद इतका साधा व सरळ होता कीं तो तपासून पाहावा असें पन्नास वर्षें फारसें कोणाला वाटलें नाहीं. १९४७ सालीं रिचर्ड अॅशर ह्या इंग्रज वैद्यानें अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला होता. तो वैद्य मंडळींनीं आवडीनें वाचला, आणि कंबरदुखीचा रोगी आला कीं त्याला फळीवर निजविण्याचें काम पूर्ववत् चालू ठेवलें.

तें काम करणाऱ्यांत मीही होतों. १९७९ सालची गोष्ट. मी शिक्षण संपवून नुकताच एका रुग्णालयांत लागलों होतों. बेचाळीस वर्षांचे एक शाळामास्तर गृध्रसीनें हैराण होऊन आमच्याकडे आले. सहा आठवडे त्यांना फळीच्या पलंगावर ठेविलें, कंबरेला वजनें टांगलीं, आणि रोज ती वजनें मी स्वतः तपाशीत असें. कळ गेली. ती तशीही गेली असती हें आज मला माहीत आहे. त्या वेळीं तिचें सारें श्रेय आम्हीं वजनांना दिलें. मास्तर उठून उभे राहिले तेव्हां त्यांना घेरी आली, मांड्यांचें मांस झडलें होतें, आणि दहा पावलें टाकतांच धाप लागली. निरोप देतांना मीं मोठ्या गांभीर्यानें त्यांना सांगितलें, "मास्तर, आतां जपा. याउपर वांकूं नका."

पंचवीस वर्षांनीं, २००४ सालीं, एका लग्नांत ते मला भेटले. बोलतां बोलतां त्यांच्या हातची छत्री खालीं पडली. ते ताठ उभेच राहिले आणि त्यांनीं नातवाला हांक मारली. मीं सहज कारण विचारलें. तेव्हां ते म्हणाले, "अहो, तुम्हींच सांगितलें होतें ना, वांकूं नका म्हणून? पंचवीस वर्षांत एकदांही वांकलों नाहीं." त्यांच्या आवाजांत तक्रार नव्हती, आज्ञाधारक विद्यार्थ्याचा अभिमान होता. पाटावर बसून जेवणें त्यांनीं सोडलें होतें. गणपतीची पूजा मुलाकडे दिली होती. नातवाला कधीं कडेवर घेतलें नव्हतें. पलंगावर गादीखालीं अजून फळीच होती. दुखणें सहा आठवड्यांचें. माझें एक वाक्य त्यांना पंचवीस वर्षें पुरलें.

त्या मधल्या काळांत जगांत काय घडलें होतें तें पाहा. १९९५ सालीं फिनलंडमध्यें हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांची कंबर नुकतीच धरलेली. कांहींना दोन दिवस पूर्ण विश्रांति सांगितली; कांहींना पाठीचे व्यायाम दिले; आणि उरलेल्यांना सांगितलें कीं, जेवढें सोसेल तेवढे आपले नित्याचे व्यवहार चालू ठेवा. तिसऱ्या आठवड्यांत आणि पुन्हां बाराव्या आठवड्यांत पाहिलें तर नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत पुढें आणि अंथरुणांत पडलेले सर्वांत मागें. व्यायाम करणारेही पहिल्या गटाच्या मागेंच होते. माझ्यासारख्या व्यायामाच्या उपाध्यायाला हें कबूल करणें जड जातें, पण तें खरें आहे: दुखण्याच्या ऐन भरांत मोजूनमापून केलेल्या व्यायामापेक्षां घरांत हळूहळू वावरणें अधिक गुणकारी ठरलें. व्यायामाचा काळ त्यानंतरचा.

'ही झाली उसणीची गोष्ट, गृध्रसीचें काय?' असें आपण विचाराल. तिचीही परीक्षा झाली. १९९९ सालीं हॉलंडमध्यें पायांत कळ उतरलेल्या १८३ रोग्यांपैकीं निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणांत ठेविलें आणि निम्म्यांना हिंडूंफिरूं दिलें. दोन आठवड्यांनीं पहिल्या गटांतील शेंकडा ७० आणि दुसऱ्यांतील शेंकडा ६५ लोकांना उतार वाटत होता. हा फरक योगायोगाचाच म्हणावा इतका थोडा. बारा आठवड्यांनीं दोन्ही गटांत शेंकडा ८७. म्हणजे अंथरुणानें कांहींच मिळविलें नाहीं. गमावलें मात्र असतें, कारण स्नायु निजून राहिले कीं दिवसागणिक क्षीण होतात. चकतीला तर वाढत्या वयांत स्वतःची रक्तवाहिनी जवळ जवळ उरत नाहीं. आजूबाजूच्या हाडांतून झिरपणाऱ्या रसावर तिचें पोषण चालतें, आणि ह्या झिरपण्याला हालचालीचा हातभार लागतो.

आणखी एक गोष्ट शिकलेल्या घरांतून मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण तीच माणसें आधीं चित्र काढून घेतात आणि मग डॉक्टरांकडे येतात. चुंबकाच्या साहाय्यानें जें पाठीचें चित्र घेतात, ज्याला आपण एम्. आर्. आय्. म्हणतों, त्याचा अहवाल वाचून धीट माणसाचेंही काळीज हलतें. चकती झिजली, चकती फुगली, मज्जारज्जूच्या पिशवीवर दाब आला, असें कायकाय त्यांत लिहिलेलें असतें. १९९४ सालीं अमेरिकेंत पाठ मुळींच न दुखणाऱ्या ९८ माणसांचीं अशीं चित्रें काढून पाहिलीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांची, शेंकडा ५२ जणांची, एखादी तरी चकती फुगलेली निघाली आणि शेंकडा २७ जणांची पुढें सरकून आलेली. सर्व चकत्या निर्दोष असलेलीं माणसें शेंकडा ३६ च होतीं. केस पिकल्याचा अहवाल जसा कोणी घाबरून वाचीत नाहीं, तसाच ह्या अहवालाचा बराचसा भाग वाचावा. चित्र निरुपयोगी असतें असें मी म्हणत नाहीं. त्याची खरी गरज कोणाला, तें शेवटीं येईल.

मग शेक, मालीश, विजेचीं यंत्रें ह्यांचें काय? ह्यांना मी वाईट म्हणणार नाहीं. आमच्या धंद्याचें पोट त्यांवर कित्येक वर्षें चाललें आहे. दुखऱ्या जागेवर हात फिरविला कीं बरें वाटतें हें तान्ह्या मुलाच्या आईलाही ठाऊक असतें. तें कां वाटतें, ह्याची उपपत्ति मेल्झॅक व वॉल ह्या दोघांनीं १९६५ सालीं मांडली. मज्जारज्जूंत जणूं एक दरवाजा असतो. स्पर्शाचा, उबेचा, दाबाचा संदेश तेथें गर्दी करून आला कीं वेदनेच्या संदेशाला वाट कमी मिळते. उपपत्तीचे तपशील पुढें बदलले, मूळ कल्पना टिकली. तेव्हां शेक द्यावा, हलक्या हातानें तेल लावावें. महानारायण तेल लावा किंवा साधें तिळाचें लावा, हाताची करामत तेलाहून मोठी असते. परंतु शेकून घेऊन पुन्हां पांघरूण ओढून निजावयाचें असेल तर तो शेक फुकट गेला. शेकानें जी वीस-पंचवीस मिनिटांची उसंत मिळते, ती उठून चार पावलें चालण्यासाठीं आहे. पायाळू मुलाच्या पायाचेंही मला तेंच वाटतें. त्या स्पर्शांत दैवी गुण नाहीं. पण लाथ बसणार म्हणून आजी उठून उभ्या राहतात, हसतात, आणि हसतांना आखडलेली पाठ थोडी सैल पडते. मात्र लाथ नांवापुरतीच असावी. पाठीवर उभें राहून तुडविण्याचे प्रकार म्हाताऱ्या, ठिसूळ हाडांच्या माणसावर केले तर मणका मोडतो.

शेकाविषयीं एक कडक सूचना. घरांत मधुमेहाचा रोगी असेल आणि त्याच्या पायांची संवेदना कमी झाली असेल, तर त्याच्या पायाला गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा तव्यावर तापविलेली मिठाची पुरचुंडी कधींही लावूं नये. त्याला चटका कळत नाहीं. फोड येतो तेव्हां कळतें, आणि तो फोड महिनेन् महिने भरत नाहीं. मुंग्या येतात म्हणून शेक आणि शेकानें जखम, असे पाय मीं पाहिले आहेत.

वजनें टांगणें व पट्टे बांधणें ह्यांविषयीं आतां फारसें बोलावयाचें कारण उरलेलें नाहीं. जुनाट कंबरदुखीसंबंधीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत ह्या दोहोंचीही शिफारस नाहीं. शिफारस आहे ती रोग्याला नीट समजावून सांगण्याची आणि व्यायामाची. प्रवासांत एखादा दिवस पट्टा बांधल्यानें धीर येत असेल तर बांधावा. तो कायमचा कंबरेवर आला कीं मन त्याला चिकटतें.

आतां प्रत्यक्ष करावें काय? पहिल्या दिवशीं उताणें निजून दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात, म्हणजे कंबर सैल पडते. कुशीवर निजावयाचें तर गुडघ्यांमध्यें उशी घ्यावी. उठतांना सरळ उठून बसूं नये. कुशीवर वळावें, पाय पलंगाखालीं सोडावेत आणि हातानें रेटा देऊन वर यावें. तासातासानें उठून घरांतल्या घरांत पांच मिनिटें चालावें. दुखेल, थोडें दुखणें म्हणजे इजा नव्हे. स्वयंपाकघरांत उभें राहून भाजी चिरावी, पण बादली दुसऱ्यानें उचलावी. दोन-तीन दिवसांत चालण्याचा वेळ वाढवावा. ज्यांना आपले डॉक्टर वेदनाशामक गोळी देतात, त्यांनीं ती घेऊन निजण्याऐवजीं घेऊन चालावें.

कळ पायांत उतरत असेल त्यांच्यासाठीं एक फार उपयोगी खूण आहे, आणि तिचा शोध अपघातानें लागला. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरांत रॉबिन मॅकेंझी नांवाचे भौतिकोपचारक होते. १९५६ सालीं त्यांचा एक रोगी आंतल्या खोलींत जाऊन टेबलावर पालथा निजला. टेबलाचें डोक्याकडील टोंक कोणीतरी वर करून ठेविलेलें होतें, त्यामुळें त्याची पाठ मागें वांकलेल्या स्थितींत राहिली. मॅकेंझी आंत येऊन पाहतात तों घाबरून गेले, कारण त्या काळीं असें मागें वांकणें घातक समजत. पण रोगी म्हणाला कीं कित्येक आठवड्यांत इतकें बरें वाटलें नव्हतें. त्याच्या पायांतील कळ नाहींशी झाली होती. त्यावरून मॅकेंझींनीं नियम बसविला: ज्या हालचालीनें कळ पोटरींतून मांडींत, मांडींतून कंबरेंत अशी वर सरकते, ती हालचाल आपली, कंबर तेवढ्यापुरती अधिक दुखली तरी चालेल. ज्या हालचालीनें कळ खालीं खालीं उतरते ती वर्ज्य. पालथें निजावें, दोन मिनिटांनीं कोपरांवर उठावें. आणि तें सोसलें तर तळहात टेकून छाती उचलावी, कंबर सैल सोडून द्यावी. आमच्याकडे येणारे लोक लगेच म्हणतात, "हें तर भुजंगासन!" दिसावयास तसेंच आहे. परंतु आसनांत पाठीचे स्नायु काम करतात. येथें काम हातांनीं करावयाचें, पाठीनें स्वस्थ राहावयाचें.

हा उपाय सर्वांना लागू नाहीं. साठी उलटलेल्या कित्येकांना चालूं लागलें कीं दोन्ही पाय भरून येतात आणि पुढें वांकून कठड्यावर रेललें किंवा बसलें कीं बरें वाटतें. त्यांच्या मज्जारज्जूचा मार्गच अरुंद झालेला असतो. त्यांना मागें वांकणें बाधतें, पुढें वांकणें मानवतें. त्यांनीं चालतांना मध्यें मध्यें बसावें, सायकलीसारखा बसून करावयाचा व्यायाम घ्यावा.

तीव्र कळ ओसरल्यावर मज्जातंतूला पुन्हां हलावयाची संवय लावावी. खुर्चीवर बसून पाय गुडघ्यांत हळूच सरळ करावा व त्याच वेळीं मान वर करावी. पाय खालीं आणतांना मान खालीं घालावी. दहा वेळां, न ताणतां. मज्जातंतु ही कांहीं सतारीची तार नव्हे, कीं पिळून सुरांत आणावी. सूर्यनमस्कारांविषयीं पुष्कळजण विचारतात. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या प्रयत्नांनीं ते आपल्या घराघरांत पोंचले आणि निरोगी पाठीला त्यांच्यासारखा व्यायाम थोडाच सांपडेल; पण कळ ताजी असतां त्यांतील पुढें वांकणें नडतें. सहा-आठ आठवडे थांबावें, मग दोन-तीन नमस्कारांपासून आरंभ करावा.

दुखणें एकदां गेलें तरी परत येतें, ही सर्वांची खरी तक्रार आहे. त्यावर २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतून एक समाधानकारक वृत्त आलें. कंबरदुखींतून नुकत्याच उठलेल्या ७०१ माणसांपैकीं निम्म्यांना टप्प्याटप्प्यानें चालणें वाढवावयास शिकविलें. सहा महिन्यांत रोज अर्धा तास, आठवड्यांतून पांच दिवस, असें उद्दिष्ट. न चालणाऱ्यांपैकीं निम्म्यांचें दुखणें ११२ दिवसांत परतलें, चालणाऱ्यांपैकीं निम्म्यांचें परतावयास २०८ दिवस लागले. ह्याला ना यंत्र लागतें, ना फी.

मानेचें व हाताचें दुखणें हा स्वतंत्र विषय आहे. इतकेंच सांगतों कीं रात्रीं अंगठा, तर्जनी व मधलें बोट ह्यांत मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मज्जातंतु बहुधा मनगटांत दाबला जात असतो. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्रीं बांधून पाहावी. मानेला उगाच दोष देऊं नये.

आतां भय कोठें बाळगावयाचें, तें सांगितलें पाहिजे. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, शौचाची जाणीव गेली, बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशीं, रात्र असली तरी, रुग्णालय गांठावें. तेथें तासांचा हिशेब असतो. पाऊल लुळें पडून चालतांना जमिनीला घासूं लागलें, तरी दिरंगाई करूं नये. ताप येतो, वजन घटतें, रात्रीं निजल्यावर दुखणें वाढतें, असें असेल तर मणक्यांचा क्षय मनांत आणावा. आपल्या देशांत तो दुर्मिळ नाहीं, आणि वेळींच ओळखला तर औषधानें बरा होतो. पूर्वीं कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची नवी कंबरदुखी, तसेंच म्हातारपणीं किरकोळ पडण्यानंतरची पाठदुखी, ह्याही तपासून घ्याव्यात. चित्राची खरी गरज ह्या लोकांना.

राहतां राहिले आमचे मास्तर. मीं त्यांना आठवड्यांतून दोनदां माझ्याकडे यावयास सांगितलें. पहिल्या दिवशीं खुर्चीवर बसून दोन्ही हात नडग्यांवरून खालीं सरकवा म्हटलें, तर त्यांना दरदरून घाम फुटला. दुखत नव्हतें, भीति वाटत होती. महिन्याभरांत हात घोट्यांपर्यंत गेले. मग उभ्यानें स्टुलाला हात लावणें, मग पाटाला. चौथ्या महिन्यांत मीं त्यांची छत्री मुद्दाम जमिनीवर ठेविली. ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, वांकले आणि ती उचलून मला म्हणाले, "हें तुम्हीं तेव्हांच सांगावयास हवें होतें." माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पाटावर बसणें मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलें नाहीं. इतक्या वर्षांत गुडघे धरले होते.

जातां जातां त्यांनीं विचारलें, "मग ती गादीखालची फळी काढूं का?" नुकताच, २००३ सालीं, स्पेनमधील ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला होता, त्यांत अगदीं कडक गादीपेक्षां मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला होता. मीं होकार दिला. पुढें त्यांच्या घरीं गेलों तेव्हां पाहिलें, सुतार बोलावून त्यांनीं त्या फळीचें पुस्तकांचें मांडण करून घेतलें होतें, आणि सर्वांत जाड शब्दकोश खालच्या कप्प्यांत ठेविला होता.